पगारवाटपाच्या दुसऱ्या दिवशी

अण्णांच्या दुकानाच्या चोपड्या आम्ही गावाहून सांगलीला आणल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याअधिक कसरीने खाल्लेल्या होत्या. लाल बासनात बांधलेल्या त्या ढिगातून १९७३ सालची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मात्र जवळजवळ धड निघाली, आणि गेल्या उन्हाळ्यात मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. घरच्यांना हा निवृत्त माणसाचा रिकामा उद्योग वाटला. पण एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना, सरकारने मंदीत केलेला खर्च हातोहाती फिरून उत्पन्न वाढवतो, ही जी गोष्ट मी फळ्यावर शेकडो वेळा सूत्राच्या रूपात लिहिली होती आणि जिच्यावर माझा स्वतःचा पुरता विश्वास कधीच बसला नव्हता, ती या वहीत मला रुपये-पैशांत मांडलेली दिसली.

आमचे गाव आटपाडी तालुक्यात, माणदेशात. दुकान किराणा-भुसाराचे होते आणि जोडीला काही एकर कोरडवाहू जमीन होती. पाऊस आमच्याकडे भरवशाचा कधीच नव्हता, पण १९७२ साली त्याने पुरतीच पाठ फिरवली. खरीप गेले, रब्बीची ज्वारी पेरताच आली नाही, विहिरींचे तळ दिसू लागले आणि हिवाळा संपायच्या आतच निम्मे गाव पाझर तलावाच्या कामावर लागले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मुकादमाची हाक, टिकाव-फावड्यांचा आवाज, डोक्यावर मातीची पाटी घेऊन भरावावर चढणाऱ्या बायांची रांग आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी, एवढेच मला त्या कामाचे आठवते. सुकडी मला आवडायची, म्हणून मी दुकानदाराचा मुलगा असूनही रांगेत उभा राहायचो आणि अण्णांच्या हातचा मार खायचो.

रोजकीर्दीत जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आठवड्याचा आकार सारखा आहे. सहा दिवस विक्री जेमतेम: मीठ, काडेपेटी, चहाची पुडी, विडीबंडल, पावशेर गोडेतेल. सातव्या दिवशी आकडा एकदम चौपट-पाचपट होतो आणि त्याच पानावर जमेच्या बाजूला उधारी वसुलीच्या नावांची रांग लागते. त्या पानांच्या समासात अण्णांच्या मोडी वळणाच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: ‘तलाव पगार’. पगारवाटप कामावर संध्याकाळी होई. दुकानात गर्दी दुसऱ्या दिवशी सकाळी.

मंदीच्या काळात सरकारने तिजोरी सैल सोडली, तर अर्थव्यवस्था आणि रोजगार खरोखरच सावरतो का, हा वाद शंभर वर्षे होत आली तरी मिटलेला नाही. १९३१ साली केंब्रिजच्या रिचर्ड कान यांनी गुणकाची कल्पना मांडली, आणि १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांनी तिच्यावर आपल्या सिद्धांताची इमारत उभी केली. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता, त्या पार्श्वभूमीवरची ही मांडणी आहे. सरकारने खर्च केलेला रुपया ज्याच्या हाती पडतो, तो त्यातला काही भाग खर्च करतो; त्याचा खर्च दुसऱ्याचे उत्पन्न होतो; दुसरा पुन्हा काही भाग खर्च करतो; आणि अशा रीतीने एका रुपयातून एकाहून अधिक रुपयांचे उत्पन्न निर्माण होते. बारावीच्या मुलांना हे सूत्र पाठ असते. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढीव रुपयातला खर्च होणारा भाग, ०.८ असेल तर गुणक पाच, हे ती झोपेतही सांगतील. प्रत्यक्षात तो पाच कधीच भरत नाही, कारण काही पैसा करात जातो, काही शिलकीत आणि काही आयात मालात. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसी या संस्थेतील अभ्यासकांनी २०१३ साली भारतासाठी काढलेला अंदाज भांडवली खर्चाला सुमारे अडीच आणि नुसत्या हस्तांतरित, म्हणजे कामाविना वाटलेल्या, रकमेला जेमतेम एक असा होता. वर्गात हे सांगितले की मुले वहीत उतरवून घेत, आणि प्रश्न कोणीच विचारीत नसे.

वहीत मला गुणक दिसला तो आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या नावावर. तो कधीही तलावाच्या कामावर गेला नव्हता. पायाने अधू होता. १९७२ च्या दिवाळीपासून त्याची उधारी वाढत गेलेली आहे आणि डिसेंबरात तर अण्णांनी त्याच्या नावापुढे फुली मारून माल देणे थांबवलेले दिसते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या नावावर पहिले पाच रुपये जमा होतात, पंधरा दिवसांनी आणखी सात, आणि एप्रिलपर्यंत खाते चुकते होते. त्याच्याकडे पैसा आला कोठून? आईला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते, पण ती आता नाही. मग मी गावातल्या एका वृद्ध काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, “आरं, पयल्या पगाराला बायांनी फाटक्या चोळ्या टाकल्या की. मातीत काम करायचं म्हंजे अंगावर धड कापड नको का?” म्हणजे सरकारचा रुपया मातीच्या पाटीतून चोळीत गेला, चोळीतून शिंप्याच्या मशीनकडे आणि तिथून आमच्या गल्ल्यात. पुढे तो आटपाडीच्या भुसार व्यापाऱ्याकडे गेलेला मला खतावणीत, म्हणजे खातेवहीत, दिसतो. त्यानंतर तो कोठे गेला, हे सांगणारी वही माझ्यापाशी नाही. गावापुरते पाहिले तर गुणक लहानच म्हणावा लागेल, कारण दोन-तीन हातांनंतर पैसा गावाबाहेर निघून जाई; राज्यापुरते पाहिले तर तोच मोठा. ज्या अर्थतज्ज्ञांमध्ये गुणकाच्या आकड्यावरून रणे माजतात, त्यांच्यापैकी अनेक जण प्रत्यक्षात वेगवेगळ्या कुंपणांच्या आतला पैसा मोजत असतात, असे मला आता वाटू लागले आहे.

येथे सावध वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. काम निघाले नसते तर काय झाले असते, हे रोजकीर्द सांगत नाही. कदाचित लोकांनी दागिने मोडून किंवा मुंबईला जाऊन पैसा आणला असता आणि शिंप्याची उधारी तशीही फिटली असती. २००९ च्या अमेरिकेत नेमका हाच वाद झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत ओबामा सरकारने ७८७ अब्ज डॉलरचे पॅकेज संमत केले, आणि तरीही बेकारीचा दर वाढत वाढत ऑक्टोबरमध्ये दहा टक्क्यांवर गेला. विरोधक म्हणाले, पैसा पाण्यात गेला. समर्थक म्हणाले, पैसा ओतला नसता तर दर याहून वर गेला असता. दोघांच्याही हाती न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नव्हता, आणि तो कोणाच्याच हाती कधी येणार नव्हता.

माझ्या हाती मात्र, निव्वळ योगायोगाने, त्याची एक अर्धीमुर्धी झलक आली. धाकट्या मामांचे दुकान दोन कोस पलीकडच्या गावात होते. तेथेही तोच दुष्काळ, तसलीच माळरानाची जमीन, तशीच माणसे. पण त्यांच्या गावातले काम जागेच्या वादात अडकले आणि आमच्याहून अडीच महिने उशिरा सुरू झाले. मामांची त्या वर्षाची खतावणी मामेभावाने जपून ठेवली होती. दोन्ही वह्या मी शेजारी ठेवून पाहिल्या. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आमच्याकडे उधारी कमी होत गेलेली आहे, मामांकडे ती वाढतच गेली आहे. मार्चअखेर तर मामांनी आडत्याकडून माल उचलणेच बंद केले होते, असे कोऱ्या पानांवरून दिसते. एप्रिलच्या मध्यापासून त्यांच्या पानांनाही तोच सात दिवसांचा आकार येतो. दोन दुकानांच्या वह्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण या वह्या पाहिल्यावर ‘सरकारच्या पैशाने काही होत नाही’ हे विधान मी पुन्हा कधी निमूटपणे ऐकून घेईन, असे मला वाटत नाही.

तरीही ज्या वर्षी हे सर्व घडले, त्याच वर्षी अण्णांच्या वहीत ज्वारीचा भाव महिन्यागणिक चढत गेलेला आहे. सर्व पाठ्यपुस्तकांत एक गृहीतक बारीक अक्षरात लिहिलेले असते: हातही रिकामे असले पाहिजेत आणि मालही पडून असला पाहिजे. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत तशीच स्थिती होती. गहू होता, गिऱ्हाईक नव्हते. आमच्याकडे गिऱ्हाईक तयार करता आले, पण ज्वारीच पिकली नव्हती. नुसता पैसा वाटला असता तर तो धान्याच्या मागे धावला असता आणि भाव आणखी भडकले असते. ते काही अंशी सावरले ते रेशनच्या दुकानात आलेल्या परदेशी मिलोमुळे. त्या तांबड्या मिलोच्या भाकरीला माझ्या पिढीने जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या दुष्काळालाही दिल्या नसतील. परंतु तलावावरच्या मजुरीला जी काही किंमत उरली, ती त्या मिलोने राखली. १९७३-७४ मध्ये देशातील घाऊक किमती सुमारे वीस टक्क्यांनी वाढल्या. त्यात दुष्काळाचा वाटा होता, तेलाच्या भडक्याचा होता. पण मागणी वाढवून पुरवठा वाढत नसेल तर काय होते, याचा तो धडा होताच. अमेरिकेने तो धडा पुन्हा गिरवला. २०२० च्या मार्चमध्ये दोन लाख कोटी डॉलरहून अधिक आणि २०२१ च्या मार्चमध्ये आणखी १.९ लाख कोटी डॉलर. तिथली बेकारी झपाट्याने उतरली यात शंका नाही, पण बंदरांत अडकलेली जहाजे आणि बंद पडलेले कारखाने यांच्यामागे तो पैसा धावला आणि त्यात युद्धाने महागलेल्या तेलाची भर पडून जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला. माझी एक पुतणी न्यू जर्सीत असते. तिला २०२० साली बाराशे डॉलर घरबसल्या मिळाले. नोकरी चालूच होती, म्हणून तिने ते बँकेत ठेवून दिले आणि मला फोनवर हसत हसत सांगितले. त्या बाराशे डॉलरचा गुणक शून्याच्या जवळपास असणार. आमच्या तलावावरच्या बाईला घरबसल्या पगार मिळत नव्हता आणि ती तो शिल्लकही ठेवू शकत नव्हती.

याच विचाराचे एक सूत्र आमच्या सांगली जिल्ह्यातच विणले गेले, याचा मला थोडा अभिमान आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला गावाजवळ काम देण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये विसापूर परिसरात झाला. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, तिचा कायदा १९७७ साली झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ सालच्या राष्ट्रीय कायद्याला त्याच घरचा पाया लाभला. खर्चाचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या काळच्या सरकारने १९७५ साली व्यवसाय कराच्या रूपाने दिले. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये कापले जात. स्टाफरूममध्ये फेब्रुवारी आला की त्या जादा शंभर रुपयांवरून कुरकूर होई, आणि मीही तीत सामील असे. हा कर मुळात कोणासाठी बसवला गेला, हे मुलांना शिकवणाऱ्या मला माझ्याच पगारपत्रकात कधी दिसले नाही. मुंबईच्या कचेरीतला बाबू आणि आटपाडीच्या माळावरची बाई यांच्यात एका करातून असा दुवा जोडला गेला होता, आणि त्यात नोटा छापाव्या लागत नव्हत्या. अर्थात असा खर्च कराच्या पैशातून झाला की एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातला जातो, मग एकूण मागणी वाढली कशी, असे कोणी विचारील. उत्तर पुतणीच्या बाराशे डॉलरमध्ये आहे: माझ्याकडून गेलेले दोनशे रुपये बहुधा आवर्ती ठेवीत गेले असते, मजुराकडे ते आठवडाभरही टिकत नाहीत.

गुणकाच्या सूत्रात एक गोष्ट मुळीच येत नाही, आणि ती अण्णांच्या वहीत सर्वांत ठळक आहे. ती म्हणजे दिरंगाई. काम सुरू झाल्यापासून पहिले पगारवाटप होईपर्यंत जवळजवळ महिना गेला. मोजमापे व्हायची होती, मस्टर पुढे जायचे होते, कोणाची तरी सही राहिली होती. त्या महिन्यात लोक काय खात होते? ते अण्णांच्या उधारीवर खात होते. अण्णा आटपाडीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणत होते, आणि त्यासाठी त्यांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्याची नोंदही त्याच वहीत आहे. म्हणजे सरकारच्या त्या योजनेचा पहिला महिना आईच्या पाटल्यांवर निभावला. पुढे राष्ट्रीय कायद्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळावी, असे कलम आले, तरीही मजुरी थकल्याच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. खेड्यात मजुरी थकते, तेव्हा तिच्यावरचे व्याज मजूर भरतो किंवा दुकानदार. अर्थसंकल्पात ते कोठेही दिसत नाही.

खोट्या नावांचेही सांगितले पाहिजे. तलावाच्या मस्टरवर अशी काही माणसे होती, जी गावात नव्हतीच, आणि एक तर दोन वर्षांपूर्वी वारलेली होती. अण्णांना ते ठाऊक होते, कारण तिच्या नावावर पगार उचलणारा आमच्याकडेच साखर घ्यायला येई. अशा चोरीमुळे योजना वाया जातात, असे मला तरुणपणी ठामपणे वाटायचे. आता वाटते की मेलेल्या माणसाच्या नावावरची साखर हा दुष्काळी कामाचा कलंक होताच, पण त्याहून मोठे नुकसान त्या उशिरा झालेल्या पहिल्या पगाराने केले.

आमच्या गावापासून फार दूर नाही असा एक राजेवाडीचा तलाव आहे, म्हसवडजवळ, माण नदीवर. तो १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि आजही पाणी धरतो. ज्या राज्यकर्त्यांनी तो बांधायला घेतला, त्यांना मागणी वाढवायची नव्हती. माणसे फार मरू नयेत आणि खर्च फार होऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब. ब्रिटिश सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी मजुरी खाली आणून दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या किमतीएवढी आणि वर थोडे नाणे, इतकी करून टाकली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामेच सोडली. अशा मजुरीतून चोळी शिवली जात नाही आणि शिंप्याकडे काही जात नाही. पण तलाव उरला. आमच्या गावचा पाझर तलाव १९७३ मध्ये भरवशाच्या मजुरीत बांधला गेला, तो गाळाने भरत भरत आता निम्माही राहिलेला नाही. एका दुष्काळाने लोकांना जगवले आणि दुसऱ्याने पाणी मागे ठेवले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते पूर्ण खरे नाही, कारण आमच्या तलावाखालच्या विहिरींनी १९८० च्या दशकात ऊस पाहिला.

आज तसा तलाव बांधायचा झाला तर त्याला किती माणसे लागतील? रत्नागिरी-नागपूर महामार्ग मिरज, कवठे महांकाळ करत पुढे सांगोल्याकडे चौपदरी होत होता, तेव्हा मी अनेकदा त्या वाटेने गेलो. मैलोन्‌मैल काम चाललेले असे आणि माणसे मोजकीच दिसत. जेसीबी, डंपर, रोलर, आणि त्यांवर बसलेली बहुतांश परप्रांतीय मुले. स्थानिकांना काय मिळाले? मुरूम विकणाऱ्याला पैसा मिळाला, डंपर भाड्याने लावणाऱ्याला मिळाला, ढाब्यावाल्याला आणि खोल्या भाड्याने देणाऱ्याला मिळाला. रस्ता उत्तम झाला आणि द्राक्षाची गाडी तासभर लवकर पोहोचू लागली. केंद्र सरकार अलीकडच्या वर्षांत भांडवली खर्चावर जोर देते आहे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११ लाख ११ हजार कोटींची तरतूद होती. अशा खर्चाचा गुणक मोठा असतो, हे मी वर सांगितलेच आहे. पण गुणक मोजतो ते उत्पन्न. किती हातांना काम मिळाले, हे त्यातून कळत नाही, आणि रोजगार सावरला की नाही हा प्रश्न असेल तर ज्या कामात रुपयामागे मजुरी अधिक आणि डिझेल कमी, ते काम वेगळे निवडावे लागते. या दोन गोष्टी एकाच आकड्याखाली झाकल्या जातात, तेव्हा मला राग येतो.

२०२० चे वर्ष याहून वेगळे होते. १२ मे रोजी २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यातला मोठा हिस्सा कर्जाच्या हमीचा होता. विट्याला माझ्या एका मेहुण्याचे यंत्रमाग आहेत. फेब्रुवारीअखेर बँकेचे जे कर्ज होते, त्याच्या वीस टक्के जादा कर्ज सरकारच्या हमीवर मिळण्याची सोय झाली, आणि त्यांनी ते घेतले. त्यातून त्यांनी थकलेले वीजबिल भरले आणि सुताचे जुने देणे चुकते केले. माग मात्र सुरू झाले नाहीत, कारण कापडाला मागणीच नव्हती. मला ते म्हणाले, “भाऊजी, मला कर्ज देऊन काय उपयोग? मला कापड घेणारा द्या.” अण्णांच्या वहीतल्या त्या सातव्या दिवसाची किंमत सांगणारे याहून नेमके वाक्य माझ्या ऐकण्यात नाही. अर्थात तेही पूर्ण न्याय्य नव्हते. ते कर्ज मिळाले नसते तर त्यांनी माग भंगारात काढले असते, आणि पुढच्या वर्षी मागणी आल्यावर चालवायला काहीच उरले नसते. हमीच्या कर्जाने धंदा जिवंत ठेवला. रोजगार त्याने दिला नाही. त्याच काळात केंद्राने रोजगार हमीसाठी मूळच्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी घातले आणि त्या वर्षी देशभरात ३८० कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम झाले. खानापूर-आटपाडीतून देशभर पसरलेले गलाई व्यावसायिक तेव्हा आपापल्या गाड्यांतून गावी परतले होते. आयुष्यभर सोने-चांदी गाळण्यात गेलेली ती माणसे ओढ्याचा गाळ काढायला गेली नाहीत, हे मी पाहिले. पण त्यांच्या शेजारची, हातावर पोट असलेली माणसे गेली. काम कष्टाचे असले की ज्याला गरज नाही तो आपणहून बाजूला राहतो, ही त्या योजनेची मोठी सोय आहे.

त्याहून मोठी सोय ती योजना गरज संपली की आपोआप थांबण्याची आहे. २००८ च्या डिसेंबरात आणि २००९ च्या आरंभी भारत सरकारने उत्पादन शुल्क घटवले, खर्च वाढवला, कर्जमाफी त्याआधीच दिली होती. जागतिक मंदीच्या धक्क्यातून देश लवकर सावरला, हे मान्य केले पाहिजे. पण केंद्राची वित्तीय तूट जी २००७-०८ मध्ये सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर होती, ती दोन वर्षांत साडेसहा टक्क्यांच्या आसपास गेली. सवलती परत घेण्याची वेळ आली तेव्हा हात आखडला गेला, आणि पुढची काही वर्षे आपण सर्वांनी कांद्यापासून डाळीपर्यंत महागाई सोसली. दिलेले परत घेणे कोणत्याही सरकारला जड जाते. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार रुपये २०२४ च्या जुलैपासून आमच्या भागातही आले, आणि आमच्या गल्लीतला दुकानदार सांगतो की पैसे जमा झाले की दोन दिवस बरे जातात. मी त्यावर विश्वास ठेवतो. अण्णांच्या वहीने मला तेवढे शिकवले आहे. पण दुष्काळ असो वा सुकाळ, तो खर्च चालूच राहणार, आणि मंदीत लागणारे औषध रोजच्या जेवणात मिसळले की आजारपणात काय द्यायचे, असा प्रश्न मला पडतो.

तलावाच्या कामाला कोणी थांबवावे लागले नाही. वहीत शेवटचा ‘तलाव पगार’ जूनच्या अखेरीस आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात विक्री पुन्हा घसरते, नवी उधारी लिहिली जाऊ लागते, आणि ती बाजरीच्या व मटकीच्या बियाण्याची आहे. मग तीन पाने पूर्ण कोरी आहेत. प्रथम मला वाटले, येथेही कसर लागली असावी. पण कागद शाबूत होता. चौथ्या पानावर, जमा आणि नावे या दोन्ही बाजू रिकाम्या ठेवून, अण्णांनी मधोमध लिहिले आहे: ‘सोमवारपासून पाऊस चांगला. कामावर कोणी जात नाही. दुकान बंद, पेरणीस गेलो.’